ऑक्सिजन सेन्सर हीटरचा कोड आलाय? सेन्सर विकत घेण्याआधी सर्किट मोजा

तांब्याची_तार

पी०१३५, पी०१४१, पी००३१, पी००३७ यांपैकी एखादा बिघाडाचा कोड स्कॅनरवर दिसला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवीन टाका." नवीन सेन्सर बसतो, आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागतो आणि मग ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, संशय जातो. हे टाळता येतं, म्हणून हा धागा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे सांगावं.

हे सगळे कोड हीटरच्या सर्किटबद्दल आहेत. सेन्सर हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर ओळखतो की नाही, याच्याशी त्यांचा थेट संबंध नाही. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय भरवशाचा व्होल्टेज देत नाही. नुसत्या धुराच्या उष्णतेवर तिथे पोचायला मिनिटं लागतात, हीटर असला की अर्ध्या मिनिटाच्या आसपास काम होतं. मॅनिफोल्डपासून लांब बसवलेला सेन्सर तर आयडलला पुन्हा थंडही पडतो. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटच्या) आधीच्या, म्हणजे पुढच्या, सेन्सरचा हीटर बंद असेल तर गाडी क्लोज्ड लूपमध्ये (सेन्सर बघून पेट्रोल ठरवण्याच्या अवस्थेत) उशिरा जाते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल जास्त जातं, हायवेवर मात्र काही जाणवत नाही. मागच्या सेन्सरचा हीटर गेला तर चालवताना सहसा काहीच कळत नाही, फक्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण होत नाही.

सर्किट छोटं आहे. बॅटरीकडून रिले, रिलेकडून फ्यूज, फ्यूजपासून हीटरची एक वायर. हीटरची दुसरी वायर ईसीएमकडे जाते आणि ईसीएम ती आतून अर्थला (मायनसला) जोडतो-तोडतो. म्हणजे प्लस कायम, कंट्रोल अर्थच्या बाजूला. काही जुन्या गाड्यांत दुसरी वायर थेट बॉडीला अर्थ केलेली असते, तिथे ईसीएमचा प्रश्नच येत नाही. वायरिंग डायग्राम मिळवा आणि आपल्या गाडीत यांतलं काय आहे ते आधी बघा.

कोड वाचतानाच निम्मं काम होतं. बँक १ सेन्सर १ म्हणजे कॅटच्या आधीचा, सेन्सर २ म्हणजे कॅटच्या नंतरचा. बँक म्हणजे सिलिंडरची ओळ; चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात सहसा बँक एकच असते. पी०१३५ आणि पी०१४१ हे अनुक्रमे या दोन सेन्सरच्या हीटर सर्किटचे ढोबळ कोड. पी००३० ते पी००३२ पुढच्या सेन्सरच्या कंट्रोल वायरबद्दल जास्त नेमकं सांगतात, पी००३६ ते पी००३८ मागच्याबद्दल. पी००५३ आणि पी००५४ हीटरचा रेझिस्टन्स अपेक्षेबाहेर असल्याचं सांगतात.

दोन्ही सेन्सरचे हीटर कोड एकदम आले तर सेन्सरची चौकशी दुकानात करूच नका. दोन हीटर एकाच दिवशी जळणं फार दुर्मीळ. दोघांना सामाईक काय आहे ते बघा: फ्यूज, रिले आणि वायरिंगमधला तो जोड जिथून एका वायरीच्या दोन होतात.

कपलर

उत्तम धागा. पी००३१, पी००३२ अशा कोडच्या नावातल्या 'लो' आणि 'हाय' यांचा अर्थ बरेच जण उलटा लावतात, म्हणून लिहितो.

ईसीएम आपल्या पिनवरचा व्होल्टेज बघत असतो. ड्रायव्हर (ईसीएममधला, वायर अर्थला जोडणारा स्विच) बंद असताना हीटरमधून आलेला बॅटरी व्होल्टेज त्या पिनवर दिसायला हवा. दिसत नसेल तर पी००३१, म्हणजे लो. त्याची कारणं: फ्यूज उडालेला, प्लसची वायर तुटलेली, हीटर आतून तुटलेला, कंट्रोल वायर तुटलेली किंवा कंट्रोल वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली. शेवटच्या प्रकारात हीटर बंद नसतो, उलट इग्निशन चालू असेपर्यंत पूर्ण ताकदीने सतत तापत राहतो. लो म्हटलं की हीटर थंड असणार, असं धरून चालू नका.

ड्रायव्हर चालू केल्यावर पिन शून्याजवळ यायला हवी. नाही आली तर पी००३२, हाय. कंट्रोल वायरीला कुठून तरी प्लस मिळतोय, किंवा हीटर आतून शॉर्ट होऊन इतका करंट ओढतोय की ड्रायव्हर स्वतःला वाचवण्यासाठी हात काढून घेतो. ईसीएमचा ड्रायव्हर जळलेला असण्याची शक्यता या यादीत सगळ्यात शेवटी.

घाटरस्ता

एक चालू केस मांडतो, आकड्यांसह. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, बीएस४, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. कोड पी०१३५ आणि पी०१४१, दोन्ही एकदम. पुसले की दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या स्टार्टनंतर परत येतात. हीटरचा १५ अँपिअरचा फ्यूज डोळ्यांना शाबूत दिसतो. पुढच्या सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून वायरिंगच्या बाजूला इग्निशन चालू करून मोजलं तर १२.१ व्होल्ट, बॅटरीवर १२.३. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, सप्लाय ठीक आहे, दोन्ही सेन्सर बदला.

तांब्याची_तार

@घाटरस्ता, दोन्ही कोड एकत्र आहेत, तेव्हा सेन्सर तूर्त बाजूला ठेवा. तुमचं १२.१ व्होल्टचं रीडिंग खोटं नाही, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डिजिटल मल्टीमीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो जवळपास काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली किंवा जोड हिरवा पडलेला असला तरी मीटर १२ दाखवणार. हीटर मात्र एक-दोन अँपिअर मागतो आणि तिथे तो जोड उघडा पडतो. टाकीत पाणी आहे एवढं नळ बंद ठेवून कळतं, पाईप किती चोंदलाय ते नळ सोडल्यावरच कळतं.

म्हणून लोड टाकून मोजा. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे हीटरच्याच जातकुळीतला लोड. बल्बची एक वायर कपलरमधल्या प्लसच्या पिनला, दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला. बल्ब पेटलेला असताना त्या पिनवरचा व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर दोष सापडायला सुरुवात झाली.

काही गाड्यांत नुसत्या इग्निशनवर हा रिले काही सेकंदच चालू राहतो. तसं असेल तर इंजिन चालू ठेवून मोजा, फक्त वायरी आणि हात सायलेन्सरपासून लांब.

सोबत दोन्ही सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्सही मोजून टाका, इंजिन पूर्ण थंड असताना.

घाटरस्ता

हीटरच्या पिना कोणत्या हे कसं ओळखायचं? वायरींचे रंग सेन्सरवर एक आणि गाडीच्या वायरिंगवर वेगळेच आहेत.

लॅम्डा_एक

रंग नेहमी सेन्सरच्या बाजूचे बघायचे. चार वायरींच्या साध्या सेन्सरमध्ये बॉश आणि एनटीके यांच्याकडे सहसा दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची. डेन्सोकडे सहसा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी सिग्नल अर्थ. थोडक्यात, एकाच रंगाच्या ज्या दोन असतील त्या हीटरच्या. या हीटरला प्लस-मायनस नसतं, कोणतीही कुठेही चालते.

मोजताना आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि येणारा आकडा, सहसा ०.२ ते ०.४ ओहम, शेवटी वजा करा. साध्या सेन्सरचा थंड रेझिस्टन्स गाडीनुसार साधारण ४ ते १६ ओहमच्या दरम्यान कुठेही असतो, त्यामुळे अचूक आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. वाइडबँड (मिश्रणाचं प्रमाण नेमकं मोजणाऱ्या) सेन्सरचा यापेक्षा बराच कमी असतो. बॉशच्या एलएसयू ४.९ चा थंड हीटर ३ ओहमच्या थोडा वर असतो, तिथे मीटरच्या वायरींचा ०.३ ओहम वजा न करणं म्हणजे दहा टक्क्यांची चूक.

गरम सेन्सर मोजू नका. हीटरचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे चांगला हीटरही जास्त आकडा दाखवतो आणि विनाकारण बाद होतो.

आणखी दोन मापं बहुतेक लोक घेत नाहीत. हीटरची वायर आणि सिग्नलची वायर यांच्यात काहीही कंटिन्युइटी दिसता कामा नये. हीटर आणि सेन्सरची लोखंडी बॉडी यांच्यातही नाही. तिथे गळती असेल तर हीटरचा करंट सिग्नलमध्ये शिरतो. स्कॅनरवर साध्या सेन्सरचा व्होल्टेज १ व्होल्टच्या वर रेंगाळताना दिसला की हे माप आधी घ्यायचं. सिग्नल आणि सिग्नल अर्थ या जोडीवर मात्र ओहममीटर लावू नका. थंड झिर्कोनियाचा आकडा कामाचा नसतो आणि मीटरचा करंट त्या घटकातून विनाकारण जातो.

कोकण_किनारा

मापं येईपर्यंत जागांबद्दल लिहितो. मागच्या सेन्सरचा कपलर बऱ्याच गाड्यांत खालून, फ्लोअरच्या पत्र्याला क्लिप करून ठेवलेला असतो. आमच्याकडे समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, तिथल्या पिना हिरव्या होतातच. कपलरचं रबर सील फाटलंय का आणि पीन जिच्यात बसते ती मादी पीन सैल झालीय का, दोन्ही बघा. सैल पीन बघायला जुन्या सेन्सरच्या कपलरची एक सुटी पीन घालून ओढायची, हलका अडथळा जाणवला पाहिजे. जाड टेस्टर खुपसून बघाल तर चांगली पीनही तुम्हीच सैल कराल.

क्लिप तुटली की वायर लोंबते आणि सायलेन्सरला चिकटते. स्पीडब्रेकरला घासून तुटलेल्याही खूप बघायला मिळतात. उंदीर इंजिनच्या गरम भागाजवळ बसतात, त्यामुळे पुढच्या सेन्सरची वायर कुरतडलेली असणं हेही नित्याचं.

कपलरमध्ये स्प्रे मारायचा मोह आवरा. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्यांच्या वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच आत मिळते. तेलकट स्प्रे किंवा ग्रीस तिथून आत झिरपलं की त्याची वाफ सेन्सरच्या हवेच्या बाजूला जाते आणि सिग्नल खाली घसरतो. त्याच कारणाने सेन्सरच्या बाजूच्या वायरीला सोल्डर करायचं नाही. कथील तारांमधली फट बुजवतं.

घाटरस्ता

मापं घेतली. पुढचा हीटर ५.८ ओहम, मागचा ६.१, दोन्ही ०.३ वजा करून. हीटर ते सिग्नल आणि हीटर ते बॉडी, चारही ठिकाणी ओपन. २१ वॅटचा बल्ब लावल्यावर पुढच्या कपलरच्या प्लसवर ७.४ व्होल्ट. मागच्यावरही जवळपास तेवढेच. बल्ब मंद, पिवळसर.

तांब्याची_तार

हीटर दोन्ही निर्दोष. सप्लायमध्ये जवळपास ५ व्होल्ट वाटेत खर्च होतायत. बल्बला ७.४ व्होल्ट मिळतात तेव्हा करंट साधारण १.३ अँपिअर धरा, म्हणजे वाटेत कुठेतरी साडेतीन ओहमच्या आसपासचा अडथळा आहे. १.३ चा वर्ग गुणिले ३.५ म्हणजे जवळपास ६ वॅट त्या एका जागी उष्णता होऊन निघतायत. ती जागा हाताला गरम लागेल, तिथलं इन्सुलेशन कडक किंवा काळपट झालेलं असेल.

आता बल्ब तसाच पेटता ठेवा. मीटरची काळी पीन बॅटरीच्या मायनसला कायम, लाल पीन बॅटरीपासून सुरू करून सेन्सरकडे सरकवत न्या: रिलेची आत येणारी पीन, बाहेर जाणारी पीन, फ्यूजचं एक टोक, दुसरं टोक, मग वायरिंगमधला जोड. फ्यूजच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना उघडे धातूचे ठिपके असतात, तिथे फ्यूज न काढता मोजता येतं. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्यांच्या मध्ये.

फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये लोडवर ०.१ व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं तर फ्यूज किंवा त्याची क्लिप खराब आहे.

सीएनजी किट आहे म्हणालात. किटच्या ईसीयूला (कंट्रोल बॉक्सला) इग्निशनचा प्लस कुठून घेतलाय ते शोधा. इंजेक्टरच्या किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या प्लस वायरीचं इन्सुलेशन सोलून, वायर गुंडाळून वर काळी टेप, ही पद्धत सर्रास दिसते.

लॅम्डा_एक

किट बसवताना पुढच्या सेन्सरची सिग्नल वायरही काही वेळा कापून किटमधून फिरवलेली असते. हीटर कोडचा त्याच्याशी थेट संबंध नाही, पण तिथले जोड त्याच गुच्छात असतात. उघडलंच आहे तर तेही बघून घ्या.

घाटरस्ता

फ्यूजच्या दोन्ही टोकांवर १२.१. बॅटरीच्या मागे, ईसीएमकडे जाणाऱ्या गुच्छात टेपचा जोड सापडला, किटचा प्लस तिथूनच घेतलाय. जोडाच्या अलीकडे १२.०, पलीकडे ७.५. टेप उघडली तर तार हिरवी-काळी, अर्ध्या तारा तुटलेल्या.

तांब्याची_तार

हाच तो. आता दुरुस्ती नीट करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत येईल. खराब तार दोन्ही बाजूंनी मागे कापत जा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. लांबी कमी पडली तर त्याच जाडीचा वायरीचा तुकडा मध्ये घ्या. उघडा क्रिम्प जोड, नीट दाबलेला, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. नुसती टेप नको. किटची वायर या जोडावर परत घेऊ नका. तिला वेगळ्या इग्निशन सप्लायवरून, स्वतःचा छोटा फ्यूज लावून न्या. किटमध्ये काही बिघडलं तर तुमच्या हीटरचा फ्यूज त्याबरोबर उडायला नको.

सोलापुरी_वायरमन

वरच्या केसमध्ये फ्यूज शाबूत होता. फ्यूज वारंवार उडत असेल तर पद्धत वेगळी. तिथे दरवेळी नवा फ्यूज घालून बघणं, किंवा त्याहून वाईट, १५ च्या जागी ३० चा घालणं म्हणजे वायरिंग जाळायला आमंत्रण.

फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये तोच २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रखर पेटेल आणि बल्बच करंट अडवून धरेल, त्यामुळे वायर जळणार नाही. मग एकेक कपलर काढत जा: पुढचा सेन्सर, मागचा सेन्सर, कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्ह आणि डायग्राममध्ये त्या फ्यूजवर आणखी जे काही असेल ते. जो कपलर काढल्यावर बल्ब मंद होतो किंवा विझतो त्या बाजूला शॉर्ट. सगळे काढूनही प्रखर असेल तर वायर बॉडीला टेकलीय. मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्सच्या मधला भाग आधी हलवून बघा, बल्ब लुकलुकला की जागा सापडली.

हीटर चालू असताना बल्ब थोडासा पेटणारच, तो शॉर्ट नाही. प्रखर आणि मंद यांतला फरक ओळखायला आधी बल्ब थेट बॅटरीला लावून एकदा बघून ठेवा.

नवी_गाडी

माझ्याकडे बीएस६ गाडी आहे, कोड पी००३०. सप्लायवर लोडसह ११.९ येतात, हीटर मॅन्युअलप्रमाणे. कंट्रोल वायरीवर इंजिन चालू असताना ८.३ व्होल्ट दिसतात. अर्थ खराब म्हणायचा का?

कपलर

नाही, या आकड्यावरून म्हणता येणार नाही. ईसीएम हीटर सरळ चालू ठेवत नाही, सेकंदात अनेकदा चालू-बंद करून सरासरी ताकद ठरवतो. मल्टीमीटर त्याची सरासरी दाखवतो. सप्लाय १३.८ असेल आणि ईसीएम ४० टक्के वेळ अर्थ देत असेल, तर उरलेले ६० टक्के वेळ पिनवर १३.८ असतात. सरासरी ८.३. म्हणजे तुमचं रीडिंग पूर्णपणे निरोगी सर्किटचंही असू शकतं.

थंड इंजिनवर सुरुवातीला ताकद मुद्दाम कमी ठेवतात. पाइपात साचलेल्या पाण्याचे थेंब तापलेल्या सिरॅमिकवर उडाले तर ते तडकतं. त्यामुळे स्टार्ट करताच मोजून "हीटर चालूच होत नाही" असा निष्कर्ष काढू नका, दोन-तीन मिनिटं द्या. मीटरवर ड्यूटीचा (चालू वेळेच्या टक्केवारीचा) पर्याय असेल तर तो वापरा, ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच. ड्रायव्हर चालू असलेल्या क्षणी पिनवर जवळपास शून्य, बंद असताना सप्लायएवढा व्होल्टेज, असा स्वच्छ चौकोनी आकार दिसला पाहिजे. खालची रेघ शून्याऐवजी २ व्होल्टवर तरंगत असेल, तर मात्र कंट्रोल वायरीत किंवा ईसीएमच्या अर्थमध्ये अडथळा आहे.

स्कोप नसेल तर ५ वॅटचा छोटा बल्ब घ्या. सेन्सरचा कपलर काढा, बल्बचं एक टोक बॅटरी प्लसला, दुसरं वायरिंगमधल्या कंट्रोल पिनला. इथे २१ वॅटचा वापरू नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढतं आणि ते ड्रायव्हरवर येतं. इंजिन चालू केल्यावर बल्ब मंद पेटला किंवा फडफडला तर वायर आणि ड्रायव्हर दोन्ही काम करतायत. कायम पूर्ण पेटलेला असेल तर वायर बॉडीला टेकलीय किंवा ड्रायव्हर आतून शॉर्ट आहे. इग्निशन बंद करून, बॅटरीची मायनस काढून ईसीएमचा कपलर सोडवा, मायनस परत लावा. बल्ब अजूनही पेटला तर वायर, विझला तर ईसीएम. अजिबात पेटलाच नाही तर ईसीएमच्या कपलरपासून सेन्सरच्या कपलरपर्यंतची वायर लोड टाकून तपासा आणि मगच ईसीएमचं नाव घ्या.

मिशिगनचा_मराठी

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे कोकण_किनारा यांनी लिहिलेलं सगळं इथेही तंतोतंत. भर एवढीच, सेन्सर खरंच बदलायचा असेल तर युनिव्हर्सल सेन्सर घेताना फक्त चार वायरी जुळल्या म्हणून घेऊ नका. जुना ६ ओहमचा आणि नवा १३ चा असेल तर हीटर चालतो, पण ईसीएमला करंट निम्माच दिसतो आणि पी०१३५ किंवा पी००५३ परत येतो. पार्ट नंबरवरूनच घ्या.

बसवताना: साधारणपणे एम१८ चे आटे, २२ चा खाचेचा सॉकेट, ४० ते ५० न्यूटन मीटर. अँटीसीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) फक्त आट्यांवर, तेही पुरवठादाराने आधीच लावलेलं नसेल तर. टोकाच्या जाळीला बोटही लागू नये. जुना निघत नसेल तर इंजिन कोमट असताना प्रयत्न करा.

घाटरस्ता

जोड बदलला, किटचा प्लस वेगळ्या फ्यूजवर घेतला. बल्बवर आता पुढे ११.८, मागे ११.७. कोड पुसले. काम झालं हे खात्रीने कसं बघायचं? दिवा लागला नाही म्हणजे झालंच असं नाही ना?

लॅम्डा_एक

बरोबर. हे कोड अनेक गाड्यांत सलग दोन ड्राइव्हमध्ये दोष दिसल्यावरच दिवा लावतात. त्याआधी पेंडिंग (अजून पक्क्या न झालेल्या) कोडमध्ये दिसतात, तिथे बघा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी स्टार्ट करून दहा मिनिटं चालवा. मग स्कॅनरच्या रेडिनेस यादीत ऑक्सिजन सेन्सर हीटरची तपासणी पूर्ण झालेली दिसली पाहिजे. कोड पुसल्यावर ती अपूर्णवर जाते, म्हणून दुरुस्तीनंतर परत परत पुसत बसू नका.

स्कॅनरमध्ये मोड ०६ (तपासण्यांचे आकडे दाखवणारा) असेल तर तिथे ४१ क्रमांकाखाली पुढच्या हीटरचा निकाल मिळतो आणि ४२ खाली मागच्याचा, मोजलेला आकडा आणि मर्यादा दोन्हींसकट. नुसतं पास झालंय का ते बघू नका, मर्यादेपासून किती लांब आहे ते बघा. काठावर पास झालेला हीटर थंडीत नापास होतो.

घाटरस्ता

सकाळच्या स्टार्टनंतर हीटरची तपासणी पूर्ण, पेंडिंग कोड नाहीत. ४१ आणि ४२, दोन्ही मर्यादेच्या मधोमध. सेन्सर जुनेच आहेत.